कचरा नव्हे, अंडी! ओहोटीच्या वेळी काय पाहाल?

किनाऱ्यावर फिरताना आपली नजर शंख शोधते. ज्या गोगलगायींचे ते शंख, त्यांची पुढची पिढी तिथेच कातळाला चिकटलेली किंवा वाळूत रुतलेली असते. ती ओळखता आली, तर तुमच्या पायाखाली तरी ती चिरडणार नाही.

कधी जाल?
ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राजवळच्या कातळावर पाऊल ठेवू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची ओहोटी असते आणि पाणी खूप खाली जातं. मुंबईच्या आसपास जुना हिशेब उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला भरती पहाटे तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस त्यामुळे सोयीचे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचा तक्ता मात्र पाहाच. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की परत या.

कुठे जाल?
मुंबईत जुहू किंवा कार्टर रोड, सिंधुदुर्गात मालवणचं रॉक गार्डन. कातळ आणि वाळू दोन्ही असतील तिथे जास्त प्रकार दिसतात. पकड असलेले बंद बूट, टोपी, पाणी आणि भिंग सोबत घ्या.

काय शोधाल?
*वाळूची कॉलर.* ओल्या पुळणीवर शर्टाच्या कॉलरीसारखी, वाळूच्याच रंगाची वळलेली पट्टी दिसते. मून स्नेल या गोगलगायीची मादी चिकट द्रवात वाळू कालवून ती घडवते; अंडी वाळूच्या कणांमध्येच बसवलेली असतात. पट्टी अखंड आणि लवचिक असेल, तर आत जीव असण्याची शक्यता मोठी. पिल्लं बाहेर पडली की ती विरत जाते. जवळपासच्या शिंपल्यांना कडेला उतार असलेलं नेमकं गोल भोक दिसलं, तर तीही मून स्नेलचीच खूण: ती शिंपला पोखरून आतला जीव खाते.

*कातळावरचे पांढरे ठिपके.* नेरिटा या गोगलगायीच्या अंड्यांच्या या चपट्या कुप्या जेमतेम काही मिलिमीटरच्या असतात, कधी दुसऱ्या शंखाच्या पाठीवरही. भिंगातून पाहा: झाकण शाबूत असेल तर आत अंडी आहेत, नुसती कड उरली असेल तर पिल्लं समुद्रात गेली.

*कपारीतल्या उभ्या कुप्या.* म्युरेक्स या गोगलगायीच्या कुळातल्या माद्या सावलीच्या कपारीत दाटीवाटीने कुप्या चिकटवतात. कुपी मादीच्या शरीरात तयार होते. पायातली ग्रंथी तिला आकार देते, कडक करते आणि खडकावर बसवते. आत अनेक अंडी असतात. वरचं बूच विरघळलं की पिल्लांना वाट मिळते. ताज्या कुप्या पिवळसर. जांभळ्या पडलेल्या कुप्यांमधली अंडी बहुधा मेलेली असतात. जांभळा रंग येतो तो याच कुळाच्या ज्या द्रवापासून प्राचीन काळी राजवस्त्रं रंगवत, त्याच द्रवामुळे.

सगळ्याच गोगलगायी कुप्या करत नाहीत. टर्बो, ट्रोकस थेट पाण्यात अंडी सोडतात. तिथे शोधण्यासारखं काही उरत नाही.

काय पाळाल?
दगड उलटवलात, तर हळूच आणि होता तसाच परत ठेवा. त्याखाली कवडी हलत नसेल, तर ती अंड्यांवर बसलेली असू शकते. तिला हात लावू नका. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलू नका, कोन स्नेलचा दंश विषारी असतो. कुप्या खरवडून घरी नेऊ नका: पाण्याबाहेर त्या सुकतात आणि आतली पिल्लं मरतात. काही समुद्री शंखांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षणही आहे.

फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि तारीख व जागा लिहून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. किनारा-स्वच्छतेला जाल तेव्हा पिशव्या वाटण्याआधी सगळ्यांना वाळूच्या कॉलरीचा फोटो दाखवा. रबराचा तुकडा समजून ती कचऱ्यात गेली, तर आपल्याच हातून हजारो अंडी जातील.