गाडी हवा पिऊन राहिली

जुनी गाडी पाहायला गेलात की किल्ली ‘ऑन’पर्यंत फिरवा आणि तिथेच थांबा. इंजिन लगेच सुरू करू नका. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर बल्ब काढलेला असू शकतो किंवा आतून काळी पट्टी चिकटवलेली असू शकते. काही हुशार लोक त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडतात, म्हणजे दोन्ही एकदम लागतात आणि एकदम विझतात. ऑइलच्या दिव्याआधी किंवा नंतर, क्षणभर तरी वेगळा विझला तर जरा हायसं वाटून घ्या.

मी नागपूरहून घेतलेल्या २०१४ च्या पेट्रोल गाडीत हा दिवा शहाण्यासारखा लागून विझत होता. तरीही फसगत झालीच, कारण गाडी दाखवण्याआधी विकणाऱ्याने स्कॅनर लावून कोड उडवला होता. कोड उडवला की दिवा विझतो. दोष मात्र जागच्या जागी असतो, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला तो पुन्हा पकडायला थोडं चालावं लागतं. माझ्या बाबतीत तो वर्धा-आर्वी रस्त्यावर, खरांगण्याच्या अलीकडे पकडला गेला. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. दोष वयाचा होता, कंपनीचा नव्हता.

विकणाऱ्याची ही चलाखी ओळखता येते. स्कॅनरवर कोडच्या शेजारी ‘रेडिनेस’ नावाचा तक्ता असतो. ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वगैरेंच्या तपासण्या कॉम्प्युटरने पूर्ण केल्या की नाही, ते त्यात दिसतं. कोड उडवला की या तपासण्या पुन्हा शून्यावर येतात. दिवा बंद, कोड एकही नाही, पण अर्ध्या तपासण्या ‘अपूर्ण’ असं चित्र दिसलं, तर कालपरवा कोणीतरी पाटी पुसली आहे किंवा बॅटरी काढली आहे असं धरून चाला. विकणारा म्हणेल, बॅटरी नवीन टाकली. असेलही. मग गाडी चार-पाच दिवस त्याच्याकडेच चालू द्या आणि पुन्हा तपासा.

गाडीचं वर्ष पाहताना एक गोष्ट आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही: ती पहिल्यांदा कोणत्या शहरात विकली गेली? एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ नियम आला तो मुंबई, पुणे, सोलापूर धरून देशातल्या मोजक्या १३ शहरांत. सगळ्या देशाला तो लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. त्यामुळे मधल्या सात वर्षांतली पुण्याची गाडी आणि एमएच-३२ पासिंगची आपल्या वर्ध्याची गाडी एकाच मॉडेलची असली, तरी कागदावर वेगवेगळ्या नियमांची असू शकते. बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे स्वतःचे दोष टिपून ठेवणारी पूर्ण यंत्रणा सक्तीची झाली. माझी गाडी मूळची पुण्याची, म्हणून तिच्यात सगळं मिळालं. तुमची बीएस-३ असेल तर स्कॅनरवर रेडिनेसचा तक्ता कोरा दिसू शकतो. त्यात विकणाऱ्याचा दोष नसतो.

आता कोडकडे येऊ. माझ्या गाडीत निघाला पी०१७१. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरची बाजू, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, एक म्हणजे हवा-इंधनाच्या मोजमापाचं खातं. एकूण अर्थ: मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. हे कॉम्प्युटरला सांगतो तो सायलेंसरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर. पहिल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर पाहिला आणि लगेच सांगितलं, ‘ऑक्सिजन सेन्सर गेला, सर.’ ताप आहे असं थर्मामीटरने सांगितल्यावर थर्मामीटरच बदलावं तसा हा प्रकार होता. नवा सेन्सर बसला, कोड उडवला गेला, चार आकडी बिल झालं. काही दिवसांनी दिवा परत आला. दुसऱ्या ठिकाणी प्लग आणि इंजेक्टर सफाई झाली. दिवा पुन्हा आला. तिसरा सल्ला पेट्रोल पंपाचा होता, आणि तो भाग टाकीतला, म्हणजे खर्च आणखी वरचा.

पुलगावच्या एका वयस्क मिस्त्रीने पाना उचलण्याआधी विचारलं, ‘दिवा लागला तेव्हा गाडी उभी होती का धावत?’ मग त्याने स्कॅनरवर कोड सोडून ‘फ्युएल ट्रिम’चे आकडे उघडले. पुढची पाच मिनिटं त्या सगळ्या बिलांहून मोलाची होती.

ट्रिम म्हणजे ठरलेल्या पेट्रोलपेक्षा कॉम्प्युटर किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय त्याचा हिशोब. एक आकडा क्षणाक्षणाला हलतो, दुसरा दीर्घकाळात शिकलेला असतो. दोन्हींची बेरीज पाहायची. शून्याच्या आसपास, पाच-सात इकडेतिकडे असेल तर ठीक. बेरीज वीस-पंचवीसच्या घरात जाऊन तिथेच राहिली की बहुतेक गाड्या पी०१७१ नोंदवतात. माझी बेरीज गाडी जागेवर उभी असताना बावीसच्या आसपास होती. मिस्त्रीने अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरलं, आणि आकडा उतरत सहावर आला.

‘सेन्सर खराब नाही जी,’ तो म्हणाला. ‘तो बिचारा खरं बोलून राहिला. गाडी कुठून तरी हवा पिऊन राहिली.’

त्याचं कारण असं. इंजिन आयडलला असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात जास्त असतो आणि आत येणारी एकूण हवा थोडी असते. एखाद्या फटीतून चोरून आलेली हवा त्यात मोठा हिस्सा घेते. फेऱ्या वाढल्या की खरी हवा भरपूर येते, चोरट्या हवेचा हिस्सा नगण्य होतो. म्हणून आयडलला ट्रिम जास्त आणि फेऱ्या वाढल्यावर कमी, तर फट शोधा. उलट, आयडलला सगळं ठीक आणि चढावर किंवा ओझ्यावर ट्रिम चढत असेल, तर पेट्रोल कमी पोचतंय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. हिंगणघाटच्या बाजूला, कापसाच्या मोसमात जिनिंगच्या आसपास गाडी फिरत असेल, तर एअर फिल्टरवर रुईचा थर पाहायला मिळतोच. फिल्टर वेळेवर बदलला नाही, किंवा त्याच्या डब्याचं झाकण नीट बसलं नाही, तर धूळ पुढच्या सेन्सरवर जाऊन बसते. तो साफ करायला वेगळा स्प्रे मिळतो. कापडाने पुसायचा नाही.

इथे एक सावधगिरी. आत येणारी हवा सरळ मोजणाऱ्या गाड्यांना हे गणित लागू पडतं, आणि माझी तशी आहे. अनेक छोट्या गाड्यांत हवेऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजतात. तिथे असली गळती झाली की दिवा लागण्याआधी आयडलिंग वाढलेलं दिसतं. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे मिस्त्रीला पहिल्यांदाच विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही, तर गॅरेज बदलायला हरकत नाही.

फट सापडली टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या पीसीव्ही होजमध्ये. वरून पाहिलं तर होज धडधाकट, खालच्या बाजूने उष्णतेने आणि ऑइलने उकललेला. मिस्त्रीने साध्या पाण्याच्या फवाऱ्याने होजवर बारीक तुषार मारले. फट क्षणभर बुजली आणि आयडलिंगचा सूर बदलला. काही जण यासाठी कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या इंजिनावर ते पेट घेऊ शकतं, तेव्हा घरच्या घरी तो प्रयोग नको. पाणी मारतानाही कॉइल आणि कनेक्टर सांभाळा. नवा होज दोन-अडीचशे रुपयांत आला. उतरवलेला जुना ऑक्सिजन सेन्सर मी डिकीत ठेवला होता, तो चांगलाच निघाला. सुटा भाग बदलला की जुना मागून घ्यायचा, ही सवय मला तेव्हापासून लागली.

पेट्रोलचाही यात हात आहे. ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आलं, आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे तेच मिळू लागलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. जुन्या गाडीचा कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो, पण त्यासाठी ट्रिममधले काही टक्के आधीच खर्ची पडलेले असतात. पूर्वी जी बारीक गळती खपून गेली असती, ती आता दिवा लावते. ‘ई-२० ने गाडी बिघडवली’ असं म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या गाडीत एखादा होज आधीच उकललेला असेल, असा मला संशय आहे. सगळ्यांच्याच नाही.

स्वतःचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर जरूर घ्या. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या खाचेत तो बसतो. स्वस्त नकली स्कॅनर काही जुन्या गाड्यांशी बोलतच नाहीत, म्हणून परत करता येईल असाच घ्या, आणि काम झालं की काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरवतो. कोड दिसला की उडवण्याआधी पडद्याचा फोटो काढा. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग, फेऱ्या, इंजिनाचं तापमान, ट्रिम काय होते, ते ‘फ्रीझ फ्रेम’मध्ये साठवलेलं असतं. कोड उडवला की तेही जातं. गॅरेजमध्ये ‘आधी डिलीट मारून पाहू’ म्हणाले, तर हात जोडून थांबवा.

बऱ्याच विचित्र कोडांचं मूळ बॅटरीत किंवा अर्थिंगच्या गंजलेल्या वायरीत निघतं. मल्टीमीटर साडेबाराच्या आसपास व्होल्ट दाखवत असेल आणि इंजिन सुरू झाल्यावर चौदाच्या आसपास, तर पुढे चला. आणि उंदीर! सोयाबीनची पोती शेजारी असलेल्या शेडमध्ये गाडी लावली, की सेन्सरची वायर कुरतडली गेलीच म्हणून समजा. सेन्सर हीटरचा कोड आला, तर सेन्सर मागवण्याआधी फ्यूज आणि वायर बोटांनी चाचपून पाहा.

दिवा स्थिर असेल तर गाडी सांभाळून घरी आणता येते. लुकलुकत असेल, तर सिलिंडरमध्ये मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. वेग कमी करा आणि लवकरात लवकर बाजूला थांबा. तापमानाचा लाल दिवा ही वेगळीच गोष्ट. तिथे इंजिन ताबडतोब बंद. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून काही मिस्त्री ‘गाडी गरम होते’ या तक्रारीवर थर्मोस्टॅटच काढून टाकतात आणि बोअरचं पाणी भरतात. मग इंजिन हवं तितकं तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि थंडीत पी०१२८ येतो. बोअरच्या क्षारांनी रेडिएटर बुजतो तो वेगळाच. जुनी गाडी घेताना कूलंटचा रंग पाहा. टाकीत नुसतं गढूळ पाणी असेल, तर थर्मोस्टॅट आहे का, हे विचारा.

पीयूसी मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे सायलेंसरचा धूर मोजतात, कॉम्प्युटरची वही उघडत नाहीत.

माझ्या गाडीत सध्या अधूनमधून पी०४२० येतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असा त्याचा अर्थ, आणि तो भाग महाग. पण आता मी आधी एक्झॉस्टच्या जोडावर गळती आहे का आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर बरोबर आहे का, ते तपासून घेतोय. गाडीची पंधरा वर्षं २०२९ मध्ये भरतील. नोंदणी नूतनीकरणाचं पाच हजारांचं शुल्क आणि पर्यावरण कर तेव्हा द्यायचाच आहे. कन्व्हर्टरच गेलेला निघाला, तर त्याची किंमत आणि तो खर्च एकत्र मांडून गाडी ठेवायची की नाही ते ठरवीन. विकली, तर पी०४२० चा फोटो घेणाऱ्याला आधी दाखवीन आणि किंमत त्यानुसार सांगेन.