दुसरा फिजिओ लावण्याआधी

सुमे, दुसरा फिजिओ लावू नकोस. निदान आत्ता तरी नको. तुझ्या दिरांचं म्हणणं मला कळतं. सकाळी एक, संध्याकाळी एक असे दोघं आले की विवेकराव लवकर उभे राहतील, पैशांचं आम्ही बघतो. भावाच्या काळजीनेच बोलतायत ते, त्यांना तोडून बोलू नकोस. पण आधी जो येतो आहे, तो त्या पाऊण तासात नेमकं काय करतो ते एकदा शेजारी बसून बघ. चहा टाकायला आत जाऊ नकोस. कागद-पेन्सिल घेऊन बस आणि विवेकरावांनी अर्धांगवायूने दुबळा झालेला उजवा हात स्वतःहून किती वेळा पुढे नेला, किती वेळा काही धरलं आणि सोडलं, तेवढ्याच रेघा मार. फिजिओने हात धरून हलवला तर रेघ नाही. शेक घेत, करंट लावून पडून राहिले, तो वेळही धरायचा नाही.

माझा अंदाज, पंचवीस-तीसच्या पुढे तुझ्या रेघा जाणार नाहीत. आपल्याकडच्या फिजिओंना नावं ठेवायची म्हणून सांगत नाही गं, माझा अख्खा जन्म त्याच खात्यात गेलाय. कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अमेरिका-कॅनडातल्या सात ठिकाणी ३१२ सेशन्स अशाच बसून मोजल्या होत्या. सगळी साधनसामग्री हाताशी असलेल्या जागा, आणि तिथेही हाताच्या कामाचा सराव निघाला सरासरी ३२ वेळा! ‘मेंदू नव्याने शिकतो’ असं आम्ही पेशंटना छातीठोकपणे सांगतो ना, ते ज्या प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून, त्यातल्या उंदरा-माकडांनी दिवसाला चारशे-सहाशे वेळा हात पुढे केलेला असतो. बत्तीस कुठे आणि चारशे कुठे.

फिजिओ हात हलवून देतो, त्याने सांधे आखडत नाहीत. तेवढ्यापुरतं ते हवंच. पण त्याने हात शिकत नाही. गुरुजींनी शिष्याची बोटं धरून तबल्यावर थाप मारली, तर रियाज कुणाचा झाला? घरोघरी मला हेच दिसतं. पेशंट डोळे मिटून पडलेला, फिजिओ घाम गाळतोय, आणि घरचे समाधानाने म्हणतायत, ‘काय मेहनत घेतो हो मुलगा!’ त्या पोराचा दोष नाही. पेशंटकडून करून घ्यायला गेलं तर वेळ जातो, चिडचिड होते, आणि मग घरचेच म्हणतात की हा नुसता बसून असतो.

तेव्हा त्याला सरळ सांग, मला मोजून हवंय. राग येईल म्हणून घाबरू नकोस, चांगला असेल तर खूशच होईल. एका तासात तीनशे वेळा करणं अर्धांगवायूच्या पेशंटला झेपतं, हे २०१० सालीच एका छोट्या अभ्यासात करून दाखवलंय. पंधराच माणसं होती, पण सरासरी तीनशेच्या वर गेली, आणि वाढत्या सरावाने दुखणं किंवा थकवा फारसा वाढला नाही. आपण एकदम तीनशेचा हट्ट धरायचा नाही. आज तीस असतील तर या आठवड्यात साठ.

आणि काय करून घ्यायचं, हे चार्टवर बघून ठरवू नका. हॉलंडमध्ये क्वाकेल यांनी १९९९ साली १०१ पेशंटचे तीन गट केले. एका गटाला पायाचा जादा व्यायाम, दुसऱ्याला हाताचा, तिसऱ्याचा हात-पाय नुसता स्प्लिंटमध्ये ठेवलेला. रोज अर्धा तास जादा, आठवड्यातून पाच दिवस, वीस आठवडे. पायाचा व्यायाम केलेल्यांचं चालणं आणि रोजची कामं सुधारली. हाताचा केलेल्यांच्या हाताला चलाखी आली, पण त्याने चालणं काही सुधारलं नाही. म्हणजे ज्याचा सराव, तेच सुधारतं. विवेकरावांचं हार्डवेअरचं दुकान. त्या रंगीत खुंट्या लाकडी पाटीवर लावण्यात त्यांना काडीचा रस नाही, तूच म्हणालीस ना, की तोंड फिरवतात म्हणून. मग दुकानातून नट-बोल्ट आण. मोठे, बोटांत सहज येतील असे. दोन प्लास्टिकचे ट्रे ठेव, उजव्या हाताने या ट्रेमधला बोल्ट उचलून त्या ट्रेमध्ये. ट्रे आज जवळ, चार दिवसांनी वीतभर लांब, मग थोडा उंचावर. मोठे जमले की लहान. लहान जमले की नट फिरवून बसवायचा. सोपं झालं रे झालं की अवघड करायचं, इथेच खरी मेख आहे, आणि हे ठरवायला फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतो. बाकी ट्रे भरायचं काम तुझा लेकही करेल.

दिरांनी दाराला लावायची ती दोरीची पुली आणून ठेवलीय म्हणालीस. ती गुपचूप माळ्यावर टाक. चांगल्या हाताने दोरी ओढून दुबळा हात डोक्यावर खेचला की आधीच सैल झालेला खांदा दुखायला लागतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१६ सालीच ती पुली वापरू नका म्हणून लिहून ठेवलंय, आपल्याकडे अजून सर्जिकलच्या दुकानात दर्शनी भागात टांगलेली असते. खांदा एकदा दुखू लागला की माणूस त्या हाताला हातही लावू देत नाही आणि आपले दोन महिने पाण्यात जातात.

आता तू म्हणशील, ताई, मग दिवसभर करूनच घेऊ की. थांब.

जितकं जास्त तितकं बरं, असं आम्हालाही वाटायचं. मग २०१५ साली ‘अव्हर्ट’ नावाच्या चाचणीचा निकाल आला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया, सिंगापूर, ब्रिटन मिळून पाच देश, ५६ हॉस्पिटलं, २१०४ पेशंट. अर्ध्यांना अर्धांगवायूच्या अटॅकनंतर चोवीस तासांच्या आत उठवायचं, उभं करायचं, दिवसातून अनेकदा. बाकीच्यांना नेहमीच्या पद्धतीने. सगळ्यांची खात्री होती की पहिला गट पुढे जाणार. तीन महिन्यांनी पाहिलं तर चांगले सावरलेले लोक नेहमीच्या गटात ५० टक्के होते आणि घाई केलेल्या गटात ४६. पुढे त्याच आकड्यांचा कीस पाडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. थोडं थोडं पण वारंवार उठवलेल्यांचं बरं झालं, एकाच वेळी खूप वेळ उभं केलेल्यांचं बिघडलं. ती पहिल्या काही दिवसांची गोष्ट आहे, विवेकरावांना आता दीड महिना झालाय, त्यामुळे तो आकडा उचलून त्यांना लावू नकोस. पण दोन तासांचा एक रगाडा काढण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं दिवसातून चार-पाच वेळा, ही पद्धत मी तरी तेव्हापासून सोडलेली नाही.

या दीड महिन्यावरून आठवलं. वॉशिंग्टनमध्ये ड्रोमेरिक यांनी ७२ पेशंटच्या अभ्यासात हाताची वीस तास जादा थेरपी दिली. काहींना पहिल्या तीस दिवसांत, काहींना दोन-तीन महिने झाल्यावर, काहींना सहा महिने उलटल्यावर. थेरपी सगळ्यांना सारखीच. सगळ्यात जास्त फायदा झाला दोन-तीन महिने झालेल्यांना, महिन्याभराच्या आतल्यांना त्याहून कमी, आणि सहा महिन्यांनंतरच्यांना नाव घेण्यासारखा काही नाही. हे २०२१ मध्ये छापून आलं. अभ्यास लहान आहे, म्हणून मी काही ती काळ्या दगडावरची रेघ मानत नाही. पण दिरांना पैसे खर्च करायचेच असतील, तर पुढचे दोन महिने त्यासाठी सोन्याचे आहेत एवढं त्यांना सांग. दुसरा माणूस आणण्यापेक्षा याच माणसाला जास्त वेळ बांधून घ्या, किंवा आठवड्यातून दोनदा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे न्या. मुंबईत राहायची सोय होत असेल तर हाजी अलीच्या अखिल भारतीय पुनर्वसन संस्थेत एकदा दाखवा. सरकारी आहे, रांग असते, पण तिथे फिजिओ, ऑक्युपेशनल, स्पीच, सगळं एका छपराखाली मिळतं.

सहा महिन्यांनंतर दार बंद होतं असं मात्र कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. हातावर मिटन बांधायची ती थेरपी ऐकली असशील. चांगला हात जागेपणीच्या नव्वद टक्के वेळ जाड मोज्यात बंद, आणि सगळं काम दुबळ्या हाताने, दोन आठवडे. २००६ च्या मोठ्या चाचणीत २२२ जण होते, अटॅकनंतर तीन ते नऊ महिन्यांचे, आणि फायदा वर्षभरानंतरही दिसला. पण मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता आली पाहिजेत, नाहीतर तो निव्वळ छळ होतो. विवेकरावांचं मनगट येतंय वर, पण हे आत्ता नको आणि घरच्या घरी तर मुळीच नको. दिवाळीनंतर बघू. उलटंही सांगते, त्याच लँगबाईंनी पुढे ८५ जुन्या पेशंटना आठ आठवड्यांत ३२००, ६४००, ९६०० असे वेगवेगळे आकडे करायला लावले. एकूण सुधारणा थोडी झाली, पण ९६०० वाले काही तिप्पट सुधारले नाहीत.

बोलण्याचं वेगळं. तुला सगळ्यात जास्त तेच खातंय, मला माहितीय. फोनवर मागून त्यांचा आवाज आला, पाणी म्हणायचं होतं आणि ‘चावी, चावी’ म्हणत होते, आणि तू पटकन विषय बदललास. अगं, त्यांना सगळं कळतंय, शब्दच नेमका हाती लागत नाही. स्पीच थेरपी आठवड्यातून एकदा अर्धा तास, हे मात्र मला अजिबात पुरेसं वाटत नाही. जर्मनीत अटॅकला सहा महिन्यांहून जास्त झालेल्या दीडशेवर पेशंटना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास स्पीच थेरपी दिली, तर त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. तितकेच दिवस थांबवून ठेवलेल्या गटाचं नाही सुधारलं. ते २०१७ चं. पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत असा मारा करून पाहिला, तर नेहमीच्या थेरपीपेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. शिवाय तास वाढवले की अनेकदा अर्ध्यावर सोडून जाणारेही वाढतात. म्हणून आता आठवड्यातून तीन-चार दिवस कर, दमले की थांब. आणि थेरपिस्ट मराठीत काम करणारी बघ. घरात, दुकानात सगळा जन्म मराठीत गेला आणि चित्रं दाखवून ‘अ‍ॅपल’ म्हणायला लावतात, हे मला कधी कळलेलं नाही. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकलेल्या मुली बऱ्याच ठिकाणी पसरल्या आहेत, आता काही जणी व्हिडिओवरही घेतात.

आता तुझ्याबद्दल, आणि हे मधे न बोलता ऐकून घे. फिजिओ दाखवतो ते सगळं मीच करून घेईन, पैसेही वाचतील, हा तुझा बेत मला पसंत नाही. आपल्याच देशात १४ हॉस्पिटलांनी मिळून हे करून पाहिलंय. १२५० पेशंट, घरच्या माणसाला व्यवस्थित शिकवून घरी पाठवलं, की रोज हे असं करून घ्या. ‘अटेंड’ नावाची चाचणी, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले, दोन्ही गटांत ४७ टक्के. काडीचा फरक नाही. का, यावर लोक अजून वाद घालतात. माझं मत विचारशील तर, बायकोला स्वयंपाक, औषधं, डायपर, दुकानाचा हिशेब आणि वर थेरपिस्टचं काम, यातलं शेवटचंच पहिलं गळतं. आणि नवराही बायकोचं ऐकत नाही गं! फिजिओपुढे पन्नास वेळा करतील, तुझ्यापुढे पाचव्याला हात खाली टाकतील, आणि मग तू ओरडशील, ते रडतील. मी हे इतक्या घरांत पाहिलंय.

तू ट्रे मांडून दे, संध्याकाळी रेघा मोजून वहीत लिही, शर्टाची बटणं त्यांची त्यांना लावू दे, कितीही उशीर झाला तरी. जेवताना पोळीचा तुकडा उजव्या हाताने मोडायचा, भाजीचा चमचा हवं तर डाव्याने. हे सगळं सरावातच धरायचं. बाकी वेळ तू त्यांच्याशेजारी बसून टीव्ही बघ. झोपेत काटकसर करू देऊ नकोस. दुपारी दोन तास गाढ झोपले तर सासूबाई म्हणतील आळशी झाला. त्यांना सांग की अटॅकनंतरचा थकवा खरा असतो, डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणावं. आणि सलग पंधरा दिवस गप्प गप्प राहिले, जेवणावरची वासना उडाली, तर व्यायाम वाढवू नकोस, न्यूरोलॉजिस्टना दाखव. अटॅकनंतर डिप्रेशन येणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि गोळ्यांनी फरक पडतो. मन बसलेलं असेल तर तीनशे काय, तीन वेळाही हात उचलणार नाहीत.

दिरांशी मी बोलते हवं तर. त्यांना म्हणेन, दुसऱ्या फिजिओचे पैसे स्पीच थेरपीत घाला, आणि सकाळचा तासभर दुकानात तुम्ही बसा म्हणजे सुमीला आंघोळ निवांत करता येईल. तू फक्त त्या वहीचा पहिल्या आठवड्याचा फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव.