आजीचा देव आणि आजोबांचा देव

पौलानें तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत, पांचव्या वचनांत, लोईस नामक एका आजीचा उल्लेख आहे. नव्या करारांत आजी हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणीं आला आहे. तिनें आपल्या नातवास जवळ घेऊन काय सांगितलें, हें मात्र पौल लिहीत नाहीं. आजी-आजोबांच्या सहवासाचा ठसा बालमनावर कसा उमटतो, हें पाहण्यासाठीं आपण दुसऱ्या एका नातवाची हकीकत घेऊं. ती त्यानें स्वतःच सविस्तर लिहून ठेवली आहे.

रशियन ग्रंथकार माक्सिम गोर्की ह्याचा जन्म 1868 सालीं व्होल्गा नदीच्या कांठीं निझ्नी नोव्हगोरोद शहरांत झाला. 1871 सालीं त्याचा बाप पटकीनें वारला. तेव्हां आजी आली आणि विधवा मुलीस व नातवास आगबोटीनें आपल्या घरीं घेऊन गेली. आगबोटीवर ती गोष्टी सांगूं लागली कीं दाढीवाले खलाशीसुद्धां भोंवतीं जमत. परंतु नातवाच्या मनांत खोल रुतून बसली ती निराळीच आठवण. आजी केस विंचरीत बसे. ते इतके दाट व लांब कीं सोडले म्हणजे तिचे खांदे व गुडघे झांकून जमिनीवर लोळत. तो तें पाहत पडून राही, प्रश्न विचारी, आणि ती त्याच्यापुरतेंच उत्तर देई. ह्या बाईस लिहितां-वाचतां येत नव्हतें, तपकिरीची तर तिला भारीच आवड. तरी आपणांस अंधारांतून उजेडांत तिनेंच आणलें, अशा अर्थाचें त्यानें पुढें लिहिलें आहे.

आजोबा धंद्यानें रंगारी, आणि स्वभावानें कडक. एकदां पोरानें घरांतील सणाचा पांढरा कपडा निळ्या रंगांत बुडविला, तेव्हां आजोबांनीं त्याला शुद्ध जाईपर्यंत फोकांनीं मारलें. ह्या मारास चांगलें म्हणणें शक्य नाहीं, आणि गोर्कीनेंही तसें म्हटलेलें नाहीं. परंतु त्यापुढें जें घडलें तें वाचण्यासारखें आहे. पोर अंथरुणाला खिळलें असतां आजोबा खाऊ, सफरचंद व बेदाणे घेऊन आले, कडेशीं बसले, आणि तरुणपणीं आपण व्होल्गेवर जड नावा दोरानें ओढीत कसे चालत असूं, खांद्यांचें काय होई, रात्रीं कांठावर शेकोटी पेटवून गाणीं कशीं म्हणत असूं, हें सांगत बसले. मुलाच्या डोळ्यांपुढें तो सुकलेला म्हातारा वाढत वाढत प्रचंड बळाचा पुरुष झाला. मारल्याची आठवण पुसली गेली नाहीं. तिच्याशेजारीं दुसरी एक येऊन बसली, इतकेंच.

उपदेशक बंधूंनीं विशेषेंकरून पाहावें तें प्रार्थनेचें प्रकरण. आजोबा पाठ केलेली प्रार्थना शब्दही न चुकवितां खड्या आवाजांत म्हणत. नातवास ती ऐकून ऐकून तोंडपाठ झालेली. आजोबांचा एखादा शब्द गळतो कीं काय ह्यावरच त्याचें सारें लक्ष. गळला म्हणजे तो लागलाच सांगे, आणि म्हातारा खजील होई! आजी मात्र रात्रीं देवाशीं बोले; घरांत कोण भांडलें, कोणाचें दुखतें, कोणाची दया करावी, हें सर्व शेजारणीला सांगावें तसें सांगे. अंथरुणांत पडल्या पडल्या तो तेंही ऐके. दोघांचे देव निराळे आहेत, असें त्या बालकानें तेव्हांच ताडलें होतें. त्याला हें कोणी शिकविलें नव्हतें.

ज्या मुलांशीं वडील मंडळी घडलेल्या गोष्टी तपशिलानें बोलतात, त्यांस विचारतात व त्यांचेंही ऐकून घेतात, त्यांच्या आठवणी अधिक भरीव असतात, असें मानसशास्त्राच्या अभ्यासकांस आढळून आलें आहे. आपल्याकडे बीड व अहिल्यानगर ह्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारीं कुटुंबें कित्येक मुलें आजी-आजोबांजवळ ठेवून जातात. तीं पांच-सहा महिने आजीजवळच असतात. भाकर व शाळा ह्यांची काळजी ती वाहतेच. परंतु चुलीपुढें एकट्या नातवाशीं बोलण्याचा वेळ वायां गेला असें तिला वाटतें, आणि भेटीस गेलेला उपदेशकही बहुधा मुलाच्या हजेरीचीच चौकशी करून परततो. कुटुंबभेटींत आजीला तिच्या लहानपणाविषयीं विचारावें, आणि नातवाला शेजारीं बसूं द्यावें.

गोर्कीची आई 1879 सालीं वारली, व लवकरच आजोबांनीं त्या अकरा वर्षांच्या पोराला पोट भरावयास बाहेर काढलें. तरी आजीकडे तो परत परत येई. दोघें रानांत जाऊन अळंबीं गोळा करीत. कधीं ती रात्रीं त्याला बरोबर घेऊन निघे, गरिबांच्या अंधाऱ्या खिडक्यांपाशीं थांबे, क्रुसाची खूण करी, आणि प्रत्येक खिडकीच्या कडेवर पांच कोपेकांचें नाणें व कडबोळ्याच्या घाटाचे तीन पाव ठेवून मुकाट्यानें पुढें चालूं लागे.

1887 सालीं ती वारली. तो तेव्हां कझान शहरांत एका भटारखान्यांत राबत होता. पत्र पोंचलें तें मूठमाती झाल्यावर सात आठवड्यांनीं. तो रडला नाहीं. ती किती शहाणी व मायाळू होती हें कोणाला तरी सांगावें, असें मात्र त्याला फार वाटलें. पण ऐकणारें कोणी नव्हतें. तें सांगणें त्यानें 1913 सालीं आपल्या बालपणाच्या पुस्तकांत सुरू केलें.