पंचवीस नावांची यादी

मुलांनो, क्रिकेटचा मोठा सामना असला की आदल्या दिवशी तुमच्या गल्लीत काय चालते? कोणाला संघात घ्यावे आणि कोणाला वगळावे, यावर वाद रंगतो. वहीच्या मागच्या पानावर अकरा नावे लिहिली जातात. एक नाव खोडले जाते, दुसरे लिहिले जाते. संघ निवडणारे आपल्याला विचारत नाहीत, हे आपल्याला ठाऊक असते. तरी आपण यादी करतोच.

अमेरिकेतही असेच होते. मात्र तिथे हा वाद बेसबॉल या खेळावरून होतो. बेसबॉलचा हंगाम वसंत ऋतूत, साधारणपणे मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या आरंभी सुरू होतो. प्रत्येक मोठा संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. एवढ्या सामन्यांसाठी २००२ साली संघात पंचवीस खेळाडू ठेवता येत. (२०२० पासून ही संख्या सव्वीस झाली आहे.) हंगामापूर्वी ही नावे जाहीर होतात आणि घरोघरी चाहते त्यांची चिरफाड करू लागतात.

आता कल्पना करा. २००२ सालचा मार्च महिना आहे. तुम्ही कॅलिफोर्निया राज्यातल्या ओकलंड शहरात राहता. समोर खाडी आणि खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्को हे श्रीमंत शहर. तुमच्या संघाचे नाव ओकलंड अ‍ॅथलेटिक्स. त्याचा रंग हिरवा आणि पिवळा. तुमच्या हातात पेन्सिल आहे आणि समोर कागद. तुम्ही यादी करायला बसला आहात. पण पहिले नाव लिहितानाच तुमचा हात अडखळतो.

का बरे? मागच्या वर्षी, म्हणजे २००१ साली, तुमच्या संघाने १०२ सामने जिंकले होते. मग न्यूयॉर्क यांकीज या संघाशी पाच सामन्यांची लढत झाली. पहिले दोन सामने तुम्ही जिंकले. आणखी एक जिंकला असता की काम झाले असते. पण पुढचे तिन्ही सामने यांकीजने जिंकले. एवढ्यावरच भागले नाही. हिवाळ्यात तुमच्या संघातले तीन मोठे खेळाडू निघून गेले.

त्यांतला सर्वांत मोठा खेळाडू जेसन जियांबी. यांकीजने त्याच्याशी सात वर्षांचा करार केला. रक्कम होती १२ कोटी डॉलर. त्या वर्षी ओकलंडच्या सगळ्या खेळाडूंचा मिळून एका वर्षाचा पगार सुमारे ४ कोटी डॉलर होता. यांकीजचा पगार त्याच्या तिपटीहून अधिक होता. एकट्या जियांबीला ठेवायचे, तर ओकलंडची निम्म्याच्या आसपास थैली रिकामी झाली असती. दुसरा खेळाडू जॉनी डेमन. तो बॉस्टनला गेला. तिसरा जेसन इसरिंगहाउझन. तो सेंट लुईसला गेला. सामना जिंकत आला की शेवटच्या डावात त्याच्या हाती चेंडू देत असत.

आता सांगा, तुम्ही कागदावर काय लिहाल?

यादी वाचण्याआधी हा खेळ थोडा समजून घेऊ या. बेसबॉलच्या मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. बेस म्हणजे तळ. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो टप्पा न टाकता थेट चेंडू फेकतो. फलंदाजाने तो मारायचा, पहिल्या बेसकडे धावायचे आणि मग एकेक बेस करत चारही बेस पुरे करायचे. तेव्हा एक धाव होते. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला, तर तो होम रन. सामना नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावात संघाचे तिघे बाद झाले, की त्याची पाळी संपते. नऊ त्रिक सत्तावीस. म्हणजे एका सामन्यात प्रत्येक संघाला सत्तावीस वेळा बाद होण्याची मुभा असते. हा आकडा ध्यानात ठेवा. पुढची सारी गोष्ट याच आकड्याभोवती फिरते.

आणखी एक नियम आहे. पिचरने चेंडू फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या टप्प्यात टाकायचा असतो. तो बाहेर पडला आणि फलंदाजाने तो सोडून दिला, तर तो मोजला जातो. असे चार चेंडू झाले, की फलंदाज बॅट ठेवून आरामात चालत पहिल्या बेसवर जातो. क्रिकेटमधला वाइड चेंडू आठवा. त्यावर संघाला धाव मिळते; पण तो सोडून देणाऱ्या फलंदाजाच्या नावावर काही लिहिले जात नाही. बेसबॉलमध्येही बरीच वर्षे तसेच चालले होते. फलंदाजाची सरासरी काढताना चालत मिळवलेला बेस हिशेबात धरतच नसत. चाहतेही सरासरी पाहून खूश किंवा नाराज होत.

ही चूक उघडपणे दाखवून देणाऱ्यांत एक साधा चाहता होता. त्याचे नाव बिल जेम्स. कॅन्सस राज्यातल्या डबाबंद पदार्थांच्या एका कारखान्यात तो रात्रपाळीचा पहारेकरी होता. पहारा करता करता तो बेसबॉलचे आकडे तपासत बसे. १९७७ साली त्याने आपली पुस्तिका स्वतःच छापली. तिच्या थोड्याच प्रती खपल्या. पण तो दरवर्षी लिहीत राहिला. त्याचे म्हणणे सोपे होते. फलंदाजाचे पहिले काम बाद न होणे हे आहे. तो चेंडू मारून बेसवर गेला की चालत गेला, याने फारसे बिघडत नाही. सत्तावीसमधला एक बळी वाचला, हे महत्त्वाचे. संघ चालवणाऱ्यांनी कितीतरी वर्षे या पहारेकऱ्याकडे लक्ष दिले नाही. ओकलंडचे व्यवस्थापक बिली बीन यांनी मात्र दिले. पुढे, २००३ सालापासून, बॉस्टनच्या संघाने जेम्सला सल्लागार म्हणून नेमले.

आता आपल्या कागदाकडे वळू.

पिचरांची नावे लिहिताना तुमचा हात थांबत नाही. टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झीटो. तिघेही तरुण. २००१ साली या तिघांच्या नावावर मिळून ५६ विजय लागले होते. ते अजून आपल्याकडेच आहेत. मिगेल तेहाडा आणि एरिक चावेझ हे दोघेही आहेत. म्हणजे घर अगदीच लुटले गेलेले नाही! शेवटच्या डावासाठी टोरांटोहून बिली कॉच आला आहे. त्याचा चेंडू फार वेगवान आहे. त्याच्या नावापुढे तुम्ही बरोबरची खूण करता.

जियांबीची जागा म्हणजे पहिला बेस. तिथे टेक्सासहून आणलेला कार्लोस पेन्या उभा राहणार आहे. वय तेवीस. उंच, डावखुरा आणि चेंडू लांब मारणारा. तुम्हांला तो आवडतो. तुम्ही त्याचे नाव ठळक लिहिता.

पुढे डेव्हिड जस्टिस. एके काळचा मोठा खेळाडू. पण आता छत्तिशीला टेकलेला. तुम्ही नाक मुरडता.

आणि मग येतो स्कॉट हॅटेबर्ग. इथे तुम्ही पेन्सिल खाली ठेवता. हा तर बॉस्टनचा कॅचर! कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा. त्याच्या कोपरातली नस दुखावली होती. शस्त्रक्रियेनंतर त्याला पूर्वीसारखा चेंडू फेकता येत नव्हता. ज्याला चेंडू फेकता येत नाही, तो कॅचर कसला? बीन यांनी त्याच्याशी एका वर्षाचा करार केला होता आणि त्याला पहिला बेस सांभाळायला सांगितले होते. तिथे त्याने मोठ्या संघाकडून कधी सामना खेळला नव्हता. म्हणून हिवाळ्यात तो घराजवळच्या टेनिसच्या मैदानावर सराव करू लागला. त्याची पत्नी बॅटने चेंडू मारी आणि तो अडवी. नंतर रॉन वॉशिंग्टन या प्रशिक्षकांनी त्याला रोज धडे दिले. हा गृहस्थ म्हणजे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी नव्या शाळेत घातलेला विद्यार्थीच होता.

हॅटेबर्गचा गुण एकच होता. तो वाईट चेंडूला हात लावत नसे. तो पिचरला चेंडूवर चेंडू टाकायला लावी, थकवी आणि पुष्कळदा चालत पहिल्या बेसवर जाई. पण चाहता मैदानात जातो तो टोले पाहायला. सोडून दिलेल्या चेंडूला कोण टाळ्या वाजवणार? तुम्ही त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढता. खरे सांगायचे, तर मीही तेच केले असते.

मग हंगाम सुरू झाला. मे महिन्यापर्यंत तुमचा संघ जिंकण्यापेक्षा हरतच अधिक होता. पेन्याने सुरुवातीला छान टोले मारले आणि मग त्याची बॅट थंडावली. आधी त्याला खालच्या संघात पाठवले आणि जुलैमध्ये डेट्रॉइटला देऊन टाकले. तुमचे ठळक लिहिलेले नाव गेले! पहिल्या बेसवर आता रोज हॅटेबर्ग दिसू लागला. चेंडू अडवताना प्रथम तो घाबरे. हळूहळू त्याचे पाय तिथे रुळले.

१३ ऑगस्टपासून तुमचा संघ जिंकू लागला, तो थांबेचना. दहा सामने झाले, पंधरा झाले, एकोणीस झाले. अमेरिकन लीग या गटात ओळीने एकोणीसहून अधिक सामने कोणी जिंकले नव्हते. ४ सप्टेंबरला विसावा सामना होता. विरुद्ध संघ कॅन्सस सिटी रॉयल्स. मैदानात ५५ हजारांहून अधिक लोक जमले होते. तीनच डावांत तुमच्या संघाने ११ धावा केल्या. त्यांची एकही नाही. लोक हसत-खेळत घास खाऊ लागले. पण रॉयल्स धावा काढत आले आणि नवव्या डावात त्यांनी ११-११ अशी बरोबरी केली! मैदानात शांतता पसरली.

आता तुमच्या संघाची शेवटची पाळी. एक जण बाद झाला. बाकावर बसलेल्या हॅटेबर्गला दुसऱ्याच्या जागी फलंदाजीला पाठवले. त्याने पहिला चेंडू सोडला. दुसरा मारला. चेंडू कुंपणाच्या पलीकडे गेला. १२-११! हात वर करून तो बेसमागून बेस पार करत धावला. पुढे २०१७ साली क्लीव्हलंडच्या संघाने ओळीने २२ सामने जिंकून हा विक्रम मोडला.

हंगाम संपला तेव्हा तुमच्या संघाचे विजय होते १०३. जियांबी असताना होते त्यांहून एक जास्त! हॅटेबर्ग पाळी आली की शंभरात सुमारे सदतीस वेळा बेसवर पोहोचला होता. त्याच्या नावापुढचे प्रश्नचिन्ह तुम्हांला खोडावे लागले. पण तुमचे सगळेच चुकले होते असे नाही. झीटो २३, मल्डर १९ आणि हडसन १५. एकूण ५७ विजय या तिघांच्या नावावर लागले. तेहाडा त्या वर्षीचा गटातला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. कॉचनेही आपले काम चोख केले. या हंगामावर २००३ साली पुस्तक निघाले आणि २०११ साली चित्रपट आला. चित्रपटात या तीन पिचरांना जवळपास जागाच नाही. चाहत्यांना हे अजून खटकते, आणि ते योग्यच आहे. पेन्याबद्दलही तुमचे अगदी चुकले नव्हते. २००७ साली त्याने टँपा बे संघासाठी ४६ होम रन मारले. फक्त ते तुमच्या कामाला आले नाहीत.

आणि एवढे होऊनही २००२ सालची पाच सामन्यांची लढत ओकलंडने मिनेसोटाविरुद्ध पुन्हा ३-२ अशी गमावली. १६२ सामन्यांत हिशेब खरा ठरतो. पाच सामन्यांत तो ठरेलच असे नाही.

यानंतर ओकलंडचे चाहते दर वसंतात यादी करत राहिले. चांगला खेळाडू तयार व्हायचा आणि मोठ्या पगारावर दुसरीकडे जायचा. झीटो, मल्डर, हडसन, तेहाडा आणि चावेझ यांतला एकही शेवटपर्यंत राहिला नाही. नवे मैदान बांधण्यावरून संघाचे मालक आणि शहर यांचे जमेना. १३ जून २०२३ रोजी सुमारे २८ हजार चाहते एरवी रिकाम्या असणाऱ्या मैदानात मुद्दाम आले. पुष्कळांच्या सदऱ्यांवर ‘विका’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द होता. संघ विका, पण तो इथून हलवू नका, असे त्यांचे मालकांना सांगणे होते. मालकांनी ऐकले नाही. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडच्या जुन्या मैदानावर शेवटचा सामना झाला. तो ओकलंडने ३-२ असा जिंकला. २०२५ पासून तो संघ सॅक्रामेंटोजवळ खेळू लागला. त्याच्या नावातला ‘ओकलंड’ हा शब्दही गेला.

मग ओकलंडच्या माणसाने मार्च महिन्यात कोणाची यादी करावी?

शहरातल्या काही लोकांनी बॉलर्स नावाचा एक लहान संघ उभा केला. तो २०२४ पासून खेळू लागला. पश्चिम ओकलंडमधल्या एका जुन्या बागेतले मैदान त्यांनी नीट करून घेतले. त्या मैदानात चार हजारांच्या आसपासच माणसे मावतात. चाहत्यांना या संघात थोडी थोडी मालकीही विकत घेता आली. २०२५ साली हा संघ आपल्या छोट्या लीगमध्ये पहिला आला. त्याच्या यादीतली नावे तुम्ही ऐकलेली नसतील. ओकलंडबाहेरच्या फारशा कोणी ऐकलेली नाहीत. पण ओकलंडमध्ये ती वाचली जातात, आणि एखाद्या नावापुढे कोणीतरी प्रश्नचिन्हही काढतो.