फेसात राहणारा किडा

नागरा हे गोंदियाजवळचे गाव. महादेवाच्या जुन्या देवळामुळे ते दूरवर ठाऊक आहे. भोवती सगळा धानाचा मुलूख. पावसाळ्यात धुऱ्यावरून जाताना गवताकडे नीट पाहा. कधीकधी काडीला पांढरा फेस चिकटलेला दिसतो. कुणी थुंकले की काय, असे वाटते. पण ती थुंकी नव्हे. ते एका किड्याचे घर आहे.

फेस हळूच बाजूला करा. आत मऊ, फिकट रंगाचे पिल्लू दिसेल. त्याला दात नाहीत. तोंडाला सुईसारखी सोंड आहे. ती काडीत खुपसून ते रस पिते. हा रस म्हणजे मुळांनी जमिनीतून ओढलेले पाणीच. त्यात पोषण फार थोडे. म्हणून पिल्लाला सारखे पीत राहावे लागते. जास्तीचे पाणी ते मागच्या बाजूने टाकते. त्या पाण्यात अंगातला चिकट पदार्थ मिसळतो. मग पोटाचे टोक हलवून पिल्लू त्यात हवा भरते. झाला फेस! त्यामुळे उन्हाने अंग सुकत नाही. मुंग्यांपासूनही बचाव होतो.

पिल्लू मोठे झाले की कात टाकते. त्याला पंख फुटतात अन् ते फेस सोडून जाते. आता त्याचे तोंड बेडकासारखे रुंद दिसते. मागच्या पायांना टोकाशी काटे असतात. ते रोवून तो उडी मारतो. अशा एका किड्याची उडी इंग्लंडातील शास्त्रज्ञाने मोजली व २००३ साली प्रसिद्ध केली. किडा ६ मिलिमीटरचा, उडी ७० सेंटिमीटर उंच! म्हणजे अंगाच्या शंभरपटीहून जास्त. माणसाला हे जमले असते, तर ताडावर ताड रचले तरी कमी पडले असते.

याचा एक भाऊबंद क्वचितच नजरेस पडतो. त्याचे पिल्लू झाडाच्या फांदीवर चुन्यासारखी कडक नळी बांधते. नळीत पाणी असते, अन् पिल्लू त्यात बुडून राहते. मोठ्या किड्याच्या पाठीवर मागे वळलेला लांब काटा असतो. म्हणून ग्रीक भाषेतील तलवारीच्या शब्दावरून त्याचे नाव माकेरोटा ठेवले. तो भारत, श्रीलंका, फिलिपिन्स या बाजूला सापडतो. नळी बांधणारे त्याचे इतर नातलग आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियातही आहेत. अमेरिकेत मात्र नाहीत.

आता कुणी विचारील, "हे किडे धान खातात का हो?" धुऱ्यावरच्या गवतात एखाददुसरा फेस दिसला, तर भिण्याचे कारण नाही. त्यासाठी विष फवारू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, हे विसरता येत नाही.

धानाचा खरा वैरी वेगळा. तो तपकिरी तुडतुडा. तोही सोंडेने रस पितो, तोही उडतो. पण तो फेस करीत नाही. तो पानावर कमी, बुंध्याशी पाण्याच्या जरा वर जास्त सापडतो. पानात तयार झालेला गोड रस तो पितो. मग धान पिवळे पडते, वाळते अन् बांधीत जळल्यासारखे गोल चट्टे पडतात. २०१७ च्या खरिपात विदर्भातील धानाचे याने मोठे नुकसान केले. सरकारला मदत जाहीर करावी लागली.

म्हणून धान फोफावले की नुसते वरून पाहून परतू नका. बांधीत उतरा. धान हातांनी बाजूला सारून बुंधा पाहा. रोवणी फार दाट झाली, किंवा युरिया जास्त पडला, तर तुडतुडा वाढतो. यासाठी रोवणीच्या वेळीच काही ओळींनंतर मोकळा पट्टा सोडावा. वारा, ऊन आत जाते. बुंध्याशी तुडतुडे दिसू लागले, तर बांधीतले पाणी काही दिवस काढून टाकावे. कोळी दिसला तर मारू नये, तो तुडतुडे खातो. एवढ्याने भागले नाही, तर दोनचार तुडतुडे बाटलीत घालून कृषी सहायकाला दाखवावेत, मगच औषध आणावे.