घरठाणांतील बाटल्या व त्यांचा काळ

ज्या गांवांत एकही ओसाड घरठाण नाहीं, असें गांव आमच्या जिल्ह्यांत क्वचितच सांपडेल. मंडळी पोटासाठीं मुंबईस गेली, छप्पर पावसानें बसलें, आणि जांभ्या दगडाचा चौथरा, तुळशीवृंदावन व बुजत आलेली विहीर एवढेंच मागें राहिलें. अशा जागीं नव्या घराचा पाया खणतांना किंवा परसांत माडासाठीं खड्डा काढतांना मातींतून जुन्या बाटल्या वर येतात. बहुधा त्या तशाच भंगारांत जातात. परंतु ज्या कुटुंबाचें दप्तर वाळवीनें खाल्लें, त्याच्या घरीं बाहेरून काय येत होतें, आजाऱ्यास औषध कोणतें मिळत होतें, हें सांगण्यास पुष्कळदां ह्या कांचेवांचून दुसरा साक्षीदार उरलेला नसतो. ह्या साक्षीदाराची जबानी कशी घ्यावी, हें विद्यार्थ्यांस थोडक्यांत सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम बाटलीच्या अंगावरील सांध्याची रेघ पाहावी. पूर्वीं कारागीर लोखंडी नळीच्या टोंकावर तापलेली कांच घेऊन ती साच्यांत फुंकीत असे, व तोंडाची कड मागाहून हातानें घडवीत असे. म्हणून अशा बाटलीवर साच्याची रेघ मानेपर्यंत येऊन थांबते. १९०३ सालीं अमेरिकेंत मायकेल ओवेन्स ह्यानें बाटल्या करणारें स्वयंचलित यंत्र सिद्ध केलें. यंत्राच्या बाटलीवर ही रेघ तोंडाच्या कडेवरून पार जाते. ओवेन्सच्या यंत्राची बाटली असेल तर बुडावरही एक वांकडेंतिकडें वर्तुळ उमटलेलें दिसतें. मात्र येथें सावध राहिलें पाहिजे. आपल्या देशांत हातानें फुंकण्याचें काम त्यानंतरही पुष्कळ वर्षें चाललें. तेव्हां रेघ मानेशीं थांबली, एवढ्यावरून बाटली १९०३ च्या आधींची ठरत नाहीं. पण रेघ कडेपार गेली असेल, तर ती त्या सालाच्या फार आधींची नव्हे, हें बहुतेक निश्चित.

नंतर बूड पाहावें. तोंड घडवितांना बाटली धरण्यासाठीं जुने कारागीर तिच्या बुडाला लोखंडी गज चिकटवीत. तो तोडला म्हणजे तेथें खरखरीत व्रण राही. लोकमान्य टिळक १८५६ सालीं रत्नागिरींत जन्मले, त्या सुमारास विलायतेंतील कारखान्यांत गजाऐवजीं चिमटा वापरण्याची रीत पसरूं लागली होती, व व्रण हळूहळू नाहींसा झाला. व्रण असलेली जाड, काळपट हिरवी बाटली सांपडल्यास ती बरीच जुनी असण्याचा संभव मोठा.

तिसरी खूण तोंडाची व बुचाची. सोड्याच्या पाण्यांत वायु कोंडलेला असतो. बूच सुकून आखडलें कीं तो निसटतो. म्हणून एकोणिसाव्या शतकांत अंड्यासारख्या बुडाच्या बाटल्या निघाल्या. त्या उभ्या राहात नसत, आडव्याच ठेवाव्या लागत, व त्यामुळें बूच सदा ओलें राही. पुढें १८७२ सालीं हायरम कॉड ह्या इंग्रज गृहस्थानें मानेंत कांचेची गोटी बसविलेल्या बाटलीचें पेटंट घेतलें. आंतील वायूच गोटीस वर दाबून रबरी कड्यावर घट्ट बसवितो, ही त्यांतील युक्ति. थिबा राजास रत्नागिरींत आणलें तें १८८६ सालीं, म्हणजे त्यानंतर चौदा वर्षांनीं. पत्र्याचें दांतेरी झांकण त्याहून नवें. अमेरिकेंतील विल्यम पेंटर ह्यानें त्याचें पेटंट १८९२ सालीं मिळविलें. गोटी सोडा मात्र आजही विकला जातो, हें विसरूं नये. गोटी दिसली कीं बाटली शंभर वर्षांची, असें समजणारा फसतो.

रंगही कांहीं सांगतो. वाळूंतील लोहानें कांच हिरवट होते. तो रंग घालविण्यासाठीं मँगनीज मिसळीत, आणि अशी पांढरी कांच वर्षानुवर्षें उन्हांत राहिली तर जांभळी होते. ही मिसळ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मागें पडूं लागली. निळ्या किंवा हिरव्या कांचेवर उभ्या उंच रेघा असतील, तर ती विषारी औषधाची असूं शकते. अंधारांतही बोटांस ओळख पटावी, म्हणून विलायतेंत तशी योजना करीत. ओल्या जमिनीनें कांचेंतील क्षार ओढून घेतला म्हणजे वर इंद्रधनुष्यासारखा पापुद्रा येतो. तो शोभिवंत असला तरी त्यावरून वर्षें मोजतां येत नाहींत.

अंगावर उठावाचीं अक्षरें असल्यास तीं जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. देशी कारखान्याचें नांव निघालें तर विशेष आनंद मानावा. घरोघर एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसाफंडाचा कांच कारखाना तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं निघाला, आणि कऱ्हाडाजवळ ओगले बंधूंचा १९१६ सालीं. ओगल्यांचे प्रभाकर कंदील तर महाराष्ट्रांत घरोघरीं गेले. तेव्हां बाटल्यांबरोबर कंदिलाच्या पातळ कांचेचे तुकडे सांपडले, तर तेही जपून ठेवावे.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाटली केव्हां घडली आणि केव्हां टाकली, हे दोन निराळे प्रश्न आहेत. आपल्याकडे रिकामी बाटली कोणी फेंकीत नसे. तिच्यांत खोबरेल, रॉकेल, आमसुलाचें आगळ भरीत. दवाखान्यांतून औषध आणावयाचें तर बाटली घरूनच न्यावी लागे, व तिच्यावर मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी डकवून मिळे. एकेक बाटली अशी दोन पिढ्या राबे. म्हणून एका खड्ड्यांत व्रणाची, गोटीची व दांतेरी झांकणाची अशा तीन बाटल्या एकत्र निघाल्या, तर तो खड्डा १८९२ नंतरच बुजला, असें म्हणावें. खड्ड्याचें वय त्यांतील सर्वांत नवी वस्तु ठरविते; सर्वांत जुनी नव्हे. आपलें घराणें फार प्राचीन ठरावें ह्या हौसेनें जो जुनीच बाटली पुढें करतो व नवी लपवितो, तो आपल्याच पूर्वजांविषयीं खोटी साक्ष देतो.

म्हणून वस्तु उचलण्यापूर्वीं ती कोठें, किती खोल व कशाबरोबर होती, हें वहींत टिपून ठेवावें. जागेवरून हललेली बाटली अर्धी मुकी होते. मालकाच्या परवानगीवांचून कोठेंही खणूं नये. किल्ले व संरक्षित वास्तु ह्यांच्या आवारांत तर कायद्यानेंच मनाई आहे. फुटक्या कांचेंत उघडा हात घालूं नये. आंत कांहीं द्रव किंवा पूड असल्यास बूच उघडूं नये, वास घेऊं नये. वडील माणसांस बोलवावें. रिकामी बाटली साध्या पाण्यांत भिजवून मऊ कुंचल्यानें धुवावी. कढत पाण्यानें ती तडकते.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलानें मातीनें माखलेली बाटली घरांत आणली तर लगेच रागें भरूं नये. घरांतील आजीस ती दाखवावी, आणि अशा बाटलींत पूर्वीं काय ठेवीत, असें विचारावें. कांच तिच्या घडणीचा काळ सांगेल. तिचा उपयोग मात्र आजीच सांगूं शकेल. दोन्ही जबान्या एकाच पानावर लिहून ठेवल्या, तर त्या घरठाणाचा थोडासा खरा इतिहास हातीं लागेल, आणि तो लिहिणारा आपलाच मुलगा किंवा मुलगी असेल.