वंशावळीचा गुंता आणि जुन्या नोंदवह्या



संत मत्तयचे शुभवर्तमान नावांच्या यादीने सुरू होते. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट त्याने मांडले आहेत. नाताळापूर्वी हा उतारा मिस्सामध्ये वाचला जातो, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांचे लक्ष इकडेतिकडे जाते. पण ही यादी संत लूकच्या यादीशेजारी ठेवून पाहा. मत्तयच्या यादीत योसेफाच्या पित्याचे नाव याकोब आहे, तर लूकच्या यादीत एली. मग खरे कोणते?

तिसऱ्या शतकातील ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने यावर एक उत्तर दिले. ते इतिहासकार युसेबियसने जपून ठेवले आहे. याकोब आणि एली हे एकाच आईचे, पण दोन वेगळ्या पित्यांचे मुलगे. एली निपुत्रिक वारला. मोशेच्या नियमाप्रमाणे याकोबाने त्याच्या विधवेशी लग्न केले आणि योसेफ जन्मला. म्हणजे योसेफ रक्ताने याकोबाचा आणि कायद्याने एलीचा. विद्वानांनी पुढे इतरही उत्तरे दिली आहेत. परंतु आपल्यासाठी यात एक मोठा धडा आहे. दोन कागद जुळले नाहीत म्हणून त्यांतला एक खोटाच असतो असे नाही. लिहिणाऱ्याला काय नोंदवायचे होते, हे आधी विचारावे लागते.

हा धडा आपल्याला आज का हवा? आपला समाज लहान आहे. एरंडोल, धरणगाव, अमळनेर, जळगाव, भुसावळ अशा गावांतल्या त्याच त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत आल्या. त्यामुळे एकच मुलगी एका नात्याने भाची तर दुसऱ्या नात्याने बहीण लागते. शिवाय मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या मुलखात जुनी आहे. परंतु ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार (कलम १०९१) आडव्या नात्यात चौथ्या पायरीपर्यंत विवाह होऊ शकत नाही.

ही पायरी मोजायची कशी? समान पूर्वजाला सोडून दोन्ही बाजूंची माणसे मोजावीत. सख्खी भावंडे दुसऱ्या पायरीवर, मामा-भाची तिसऱ्या पायरीवर, आणि चुलत, मामे, आते, मावस भावंडे चौथ्या पायरीवर. सख्ख्या भावंडांना कधीच सूट मिळत नाही. मामे-आते भावंडांसाठी महागुरुस्वामींकडे रीतसर अर्ज करावा लागतो. आजी-आजोबा सख्खी भावंडे असतील, तर नातवंडे सहाव्या पायरीवर येतात, तेथे अडथळा नाही. हे नाते साखरपुड्याच्या आधी कळले तर कोणाचेच मन दुखावत नाही. पत्रिका वाटून झाल्यावर कळले तर दोन घरांची झोप उडते.

जुनी वही वाचताना एक काळजी घ्यावी. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी नवा धर्मकायदा लागू झाला, त्याआधी पायरी मोजण्याची पद्धत निराळी होती. समान पूर्वजापासून एकाच बाजूच्या पिढ्या मोजत. म्हणून जुन्या नोंदीतील ‘दुसरी पायरी’ म्हणजे सख्खी भावंडे नव्हेत, तर चुलत किंवा मामे-आते भावंडे. १९१७ च्या कायद्यात तिसऱ्या पायरीपर्यंत मनाई असल्याने तेव्हा दूरच्या नात्यालाही सूट घ्यावी लागे. आज त्या सुटीच्या नोंदीच आपल्याला विसरलेले नाते सांगतात.

शोध कोठे घ्यावा? पहिले ठिकाण स्नानसंस्काराची वही. तीत बाळाचे, आईवडिलांचे आणि धर्ममातापित्यांचे नाव असते. त्याच नोंदीच्या बाजूला पुढे दृढीकरण आणि विवाह कोठे झाला हेही लिहितात. म्हणून लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीचा धागा येथे सापडतो. जुन्या वह्यांत बरेचदा लॅटिन शब्द असतात. ‘फिलियुस’ म्हणजे मुलगा, ‘फिलिया’ म्हणजे मुलगी. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन होण्यापूर्वी आपण पुणे धर्मप्रांतात होतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरे ठिकाण सरकारी दप्तर. १८५२ साली इंग्रज सरकारने खानदेशात जमीन मोजणी सुरू केली, तेव्हा एरंडोल भागातील लोकांनी तिला विरोध केला होता. पण पुढे तयार होत गेलेले जमिनीचे कागदच आज पणजोबांचे नाव सांगतात. फेरफारातील वारस नोंदीत मुले, विधवा आणि मुली यांची नावे मिळतात. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यू आहेत. मात्र तेथे पुष्कळदा बाळाचे नाव नसते, फक्त पित्याचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातही शोध घ्यावा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना राज्यभर अशीच दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची किंमत लोकांना कळली. कागदावर शके असेल तर ७८ मिळवावेत, म्हणजे इसवी सन येतो. वर्षअखेरीच्या पौष-माघासारख्या महिन्यांसाठी ७९.

गुंता सोडवताना नेहमी स्वतःपासून मागे जावे, एका वेळी एकच पिढी. एकाच नावाचे दोघे आढळले तर पत्नीचे नाव, गाव आणि धर्ममातापिता ताडून पाहावेत. बाईचे माहेरचे व सासरचे नाव वेगळे असते, दत्तक गेलेल्याचे घराणे बदलते, घरजावयाची मुले आजोळच्या गावात नोंदली जातात. घरचे हाकेचे नाव आणि स्नानसंस्काराचे नावही निराळे असू शकते. आणि कागदाआधी घरातील वृद्ध मावशी-आत्यांना विचारावे. दप्तर उद्याही राहील, त्या राहतीलच असे नाही.

शोधात कधी असेही पान निघते, जेथे पित्याची जागा कोरी आहे, किंवा ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही असे लग्न आहे. अशा वेळी मत्तयची यादी पुन्हा वाचावी. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची पत्नी यांची नावे वा उल्लेख त्याने वगळले नाहीत. ज्या घराण्यात तारणारा जन्मला, त्या घराण्याची अडचणीची पानेही शुभवर्तमानात आहेत. म्हणून अशी माहिती चावडीवर नेऊ नये. वही घरी न देता कार्यालयातच दाखवतात, त्यामागे हेही कारण आहे.

एज्राच्या पुस्तकात एक दुःखाचा प्रसंग आहे. बाबेलहून परतलेल्या काही याजकांनी वंशावळीत आपली नावे शोधली. ती सापडली नाहीत, म्हणून त्यांना सेवेपासून दूर ठेवण्यात आले. स्नानसंस्काराने मात्र आपण सर्व एका पित्याची लेकरे झालो आहोत. ज्याच्या आजोबांचे नाव कोठेच सापडत नाही, तोही त्या घरात परका नाही.

या आठवड्यासाठी: कुटुंबाने एकत्र बसून चार पिढ्यांची नावे कागदावर लिहावीत, आजी आणि पणजीचे माहेर विसरू नये. ज्या घरी यंदा लग्न ठरवायचे आहे, त्यांनी तो कागद घेऊन धर्मगुरूंना आधीच भेटावे. आणि त्या यादीतील प्रत्येक मृतासाठी रात्रीच्या रोझरीत एक ‘नमो मरिया’ म्हणावी.